उच्च इंजिनियरिंग शिक्षण व त्यास मिळणारें द्रव्यसाहाय्य

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेंत येणाऱ्या पालकांच्या बोलण्यांत एक प्रश्न हटकून येतो. मुलगा गणितांत हुशार आहे, मुलीस यंत्रांची आवड आहे, त्यांना इंजिनियर करावें अशी इच्छा आहे, आणि जमल्यास पुढें परदेशींही पाठवावें असें वाटतें. परंतु एवढा पैसा आणावयाचा कोठून? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना लोक दोन टोंकांस जातात. कांहीं पालक खर्चाचा आकडा ऐकूनच निराश होतात आणि गुणी मुलाला अर्ज करण्याचीही मनाई करतात. कांहीं पालक याच्या उलट कोणा दलालाच्या शब्दावर विसंबून राहतें घर गहाण टाकतात. आमच्या मतें या दोन्ही गोष्टी एकाच अज्ञानांतून निघतात. पदव्युत्तर शिक्षणांत विद्यार्थ्याला पैसा कोण देतो, कोणत्या कामाबद्दल देतो, आणि किती काळ देतो, हें त्यांस कोणी नीट सांगितलेलें नसतें. तें सांगण्याचा प्रयत्न या लेखांत आम्ही करणार आहों.

प्रथम एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. इंजिनियरिंगची पहिली पदवी मिळवीपर्यंत विद्यार्थी हा शिकणारा असतो, आणि शिकविण्याचा खर्च सामान्यतः त्याच्या घरच्यांनीं सोसावयाचा असतो. पदवीनंतर त्याची भूमिका बदलूं लागते. तो प्रयोगशाळेंत उपयोगी पडूं शकतो, खालच्या वर्गाचे पेपर तपासूं शकतो, गणितें समजावून देऊं शकतो, आणि संशोधनाच्या कामांत हातभार लावूं शकतो. अशा मनुष्याची विद्यापीठाला गरज असते, म्हणून विद्यापीठ त्याला वेतन देतें. हें वेतन म्हणजे दान नव्हे आणि परीक्षेंत पहिला आल्याचें बक्षीसही नव्हे. तो कामाचा मोबदला आहे. एवढी गोष्ट समजली म्हणजे पुढील सर्व गोष्टी उलगडतात.

ही पद्धति अमेरिकेंत विशेष वाढलेली असल्यामुळें तेथील उदाहरण घेऊं. इ. स. १८६२ मध्यें अध्यक्ष लिंकन यांनीं मॉरिल कायद्यावर सही केली. त्या कायद्यानें प्रत्येक संस्थानाला सरकारी जमीन मिळाली, आणि तिच्या उत्पन्नांतून शेतकी व यंत्रविद्या शिकविणारीं विद्यालयें उभीं राहिलीं. आज इंजिनियरिंगसाठीं प्रसिद्ध असलेलीं तेथील अनेक सरकारी विद्यापीठें याच कायद्याचीं अपत्यें होत. पुढें इ. स. १८७६ मध्यें बाल्टिमोर शहरांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडलें. त्यानें जर्मनीतील विद्यापीठांचा कित्ता गिरवून संशोधनाला अग्रस्थान दिलें, आणि आरंभींच वार्षिक ५०० डॉलरांच्या २० फेलोशिप ठेवल्या. होतकरू पदवीधराला पोटाची विवंचना नसेल तरच तो एकाग्र चित्तानें संशोधन करील, हा त्यामागील विचार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारच्या ध्यानांत आलें कीं, देशाचें सामर्थ्य प्रयोगशाळांवर अवलंबून आहे. इ. स. १९५० मध्यें नॅशनल सायन्स फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली, आणि सरकारी पैसा प्राध्यापकांच्या संशोधनाकडे मोठ्या प्रमाणावर वाहूं लागला. त्या पैशांतून प्राध्यापक उपकरणें घेतात, तसेच हाताखालीं विद्यार्थीही नेमतात.

या साहाय्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला अध्यापन-साहाय्यकाचा. हें पद विद्यापीठांतील त्या त्या विषयाचा विभाग देतो. साहाय्यकानें पहिल्या पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रयोग करून घ्यावे, वह्या व पेपर तपासावे, ठराविक वेळीं त्यांच्या शंकांचें निरसन करावें, असें हें काम असतें. दुसरा प्रकार संशोधन-साहाय्यकाचा. याची नेमणूक बहुधा प्राध्यापक आपल्या अनुदानांतून करतो, आणि पुष्कळ वेळां तेंच काम विद्यार्थ्याच्या प्रबंधाचाही विषय होतें. या दोन्ही पदांसाठीं साधारणतः आठवड्यास २० तास काम अपेक्षित असतें. परदेशी विद्यार्थ्याला मिळणाऱ्या परवान्याचाही नियम असा आहे कीं, सत्र चालू असतांना त्यानें विद्यापीठाच्या आवारांत आठवड्यास २० तासांहून अधिक काम करूं नये. तिसरा प्रकार फेलोशिपचा. तींत ठराविक चाकरी नसते. विद्यार्थ्याची योग्यता पाहून विद्यापीठ अथवा एखादी संस्था ती देते. मात्र तिकडील सरकारी फेलोशिपांपैकीं कित्येक त्या देशाच्या नागरिकांसाठींच राखलेल्या असतात. नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर संशोधनाची प्रसिद्ध फेलोशिप तेथील नागरिकांस व कायम रहिवाशांसच मिळते. आपल्या मुलांनीं तिच्यामागें लागण्यांत अर्थ नाहीं.

पूर्ण साहाय्यकपद मिळालें तर विद्यार्थ्याला बहुधा तीन गोष्टी मिळतात: शिक्षणाची फी माफ होते, दरमहा निर्वाहापुरतें वेतन मिळतें, आणि आजारपणाच्या विम्याचा सर्व किंवा बराचसा भार विद्यापीठ उचलतें. यांतील फीमाफी ही दिसत नसली तरी बहुधा सर्वांत मोठी रक्कम असते.

आतां या लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. परदेशीं शिक्षण फुकट होतें असें कोणी म्हणालें तर विचारावें, कोणत्या पदवीचें? अमेरिकेंत इंजिनियरिंगच्या डॉक्टरेटसाठीं, म्हणजे पीएच. डी. साठीं, चांगल्या विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला साहाय्य मिळणें हा सामान्य नियम आहे. मास्टर्सच्या पदवीची गोष्ट वेगळी. ती दीड-दोन वर्षांत संपते. तेवढ्यांत विद्यार्थी काम शिकून उपयोगी पडेपर्यंत जाण्याची वेळ येते. म्हणून तेथें साहाय्य क्वचित मिळतें, आणि बहुतेक विद्यार्थी स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशानें शिकतात. आपल्याकडून जाणारे पुष्कळ तरुण मास्टर्ससाठींच जातात. शेजारच्या घरांतील मुलगा फुकट शिकला, हें ऐकून आपला मुलगाही तसाच शिकेल अशी समजूत होते. परंतु शेजारचा पीएच. डी. स गेलेला असतो आणि आपला मास्टर्सला. हा फरक न समजल्यामुळें घरांवर संकटें आलेलीं आहेत.

मास्टर्ससाठीं जाऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. जावें, पण हिशेब करून जावें. समजा, एका पालकानें ४० लाख रुपये कर्ज शेंकडा १० दरानें काढलें आणि सर्व रक्कम आरंभींच उचलली. अशा कर्जाचे हप्ते शिक्षण चालू असतांना व त्यानंतर कांहीं महिने सुरू होत नाहींत, म्हणून लोक निश्चिंत असतात. परंतु व्याज मात्र थांबत नाहीं. सरळव्याजानें धरलें तरी तीन वर्षांचे १२ लाख होतात. म्हणजे परतफेडीच्या पहिल्या दिवशीं कर्ज ५२ लाखांचें झालेलें असतें, आणि तें दहा वर्षांत फेडावयाचें तर महिन्यास सुमारें ६८,७०० रुपये हप्ता बसतो. मुलाला नोकरी वेळेवर लागली तर हा हप्ता जड नाहीं. ती लागण्यास वर्षभर उशीर झाला, तर तो हप्ता कोण भरणार, हा प्रश्न घर गहाण टाकण्यापूर्वीं विचारावा; नंतर विचारून उपयोग नाहीं. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीं तर पाया घालूनच काम थांबतें, असा दृष्टांत शुभवर्तमानांत आहे. तो या प्रसंगास तंतोतंत लागू पडतो.

साहाय्य मिळाल्याचें पत्र आलें म्हणजे घरांत आनंद होणें साहजिक आहे. पेढे अवश्य वांटावे, परंतु पत्र दोनदां वाचावें आणि त्यांत पांच प्रश्नांचीं उत्तरें शोधावीं. पहिला प्रश्न: फी संपूर्ण माफ आहे कीं कांहीं अंशीं? पुष्कळ ठिकाणीं शिक्षणाची फी माफ होते, पण इतर किरकोळ म्हणविणाऱ्या आकारण्या विद्यार्थ्यानेंच भरावयाच्या असतात, आणि त्या नेहमींच किरकोळ नसतात. दुसरा: वेतन नऊ महिन्यांचें कीं बारा महिन्यांचें? समजा, महिन्यास २,५०० डॉलर वेतन नऊ महिने मिळालें, तर वर्षाचे २२,५०० डॉलर झाले. तेच बारा महिन्यांवर वांटले म्हणजे महिन्यास १,८७५ च राहतात. उन्हाळ्यांतही भूक लागते आणि घरभाडेंही द्यावें लागतें. तिसरा: साहाय्य किती वर्षांसाठीं आहे, आणि तें चालू राहण्यास कोणती अट आहे? ठराविक सरासरीखालीं गुण आले तर तें बंद होऊं शकतें. चौथा: विम्याचा हप्ता कोण भरणार? तिकडे वैद्यकीय खर्च फार असतो, म्हणून ही बाब क्षुल्लक समजूं नये. पांचवा: कराचें काय? साहाय्यकाची माफ झालेली फी सामान्यतः करमुक्त असते. हातीं येणारें वेतन मात्र करपात्र असतें.

याच ठिकाणीं एक धोक्याची सूचना देणें आम्हांस अवश्य वाटतें. एखादें विद्यापीठ ४०,००० डॉलर फी सांगून ५,००० डॉलरांची शिष्यवृत्ति मंजूर झाली म्हणून अभिनंदनाचें पत्र पाठवितें. नांव शिष्यवृत्तीचें असलें तरी ती किंमतींतील सूट होय. उरलेले ३५,००० आपल्यालाच भरावे लागतात. तसेंच, पैसे घेऊन साहाय्यकपद मिळवून देण्याची हमी देणारा मनुष्य भेटला तर त्याला दारांतूनच निरोप द्यावा. हें पद विभाग किंवा प्राध्यापक देतो. तें विकण्याचा अधिकार कोणत्याही दलालास नाहीं.

पत्राला उत्तर देण्याची घाई करूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठांनीं आपसांत असा ठराव केलेला आहे कीं, साहाय्यासह आलेल्या प्रवेशाचें उत्तर १५ एप्रिलपूर्वीं देण्याची सक्ति विद्यार्थ्यावर करावयाची नाहीं. त्या मुदतीपर्यंत आलेलीं सर्व पत्रें समोर ठेवून शांतपणें तुलना करावी.

संशोधन-साहाय्यकाचें वेतन अनुदानावर अवलंबून असतें, आणि अनुदान सरकारच्या धोरणावर. इ. स. २०२५ मध्यें अमेरिकन सरकारनें पुष्कळ अनुदानें रद्द केलीं अथवा थांबविलीं, तेव्हां तेथील कित्येक विद्यापीठांनीं पीएच. डी. चे नवे प्रवेश कमी केले. म्हणून एकाच देशाकडे डोळे लावून बसूं नये. जर्मनीमध्यें बहुतेक सरकारी विद्यापीठें शिक्षणाची फी घेत नाहींत. कांहीं ठिकाणीं अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या प्रांतांत युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस इ. स. २०१७ पासून दर सत्रास १,५०० युरो फी पडते. निर्वाहाचा वर्षाचा पैसा बँकेंत आधीं दाखवावा लागतो तो निराळाच. मात्र तेथें इंजिनियरिंगच्या डॉक्टरेटसाठीं काम करणारा पदवीधर बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो, आणि त्याचा रीतसर करार होतो.

परदेशाविषयीं इतकें बोलल्यावर स्वदेशाकडे वळूं. कारण घराजवळचें दार पुष्कळांच्या लक्षांतच येत नाहीं. आपल्या देशांत पदवीनंतर ‘गेट’ नांवाची परीक्षा असते. ती उत्तीर्ण होऊन आय. आय. टी. सारख्या संस्थेंत किंवा मान्यताप्राप्त महाविद्यालयांत पूर्णवेळ एम. टेक. ला प्रवेश मिळाला, तर नियमांत बसणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी वेतन मिळूं शकतें. इ. स. २०१५ च्या सुमारास तें मासिक ८,००० वरून १२,४०० रुपये करण्यांत आलें. त्याबद्दल आय. आय. टी. मध्यें आठवड्यास सुमारें आठ तास अध्यापनाच्या कामास मदत करावी लागते. ‘गेट’चे गुण तीन वर्षें ग्राह्य धरले जातात, म्हणून एखादें वर्ष नोकरी करून मग शिकावयास येणेंही शक्य असतें. पीएच. डी. करणाऱ्यास याहून पुष्कळ अधिक मिळतें. इ. स. २०२३ च्या आरंभापासून कनिष्ठ संशोधन-फेलोशिप मासिक ३७,००० रुपये झाली, आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ झालेल्यास ४२,००० रुपये. इ. स. २०१८ मध्यें जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन-फेलोशिपचें वेतन आरंभीं ७०,००० आणि शेवटच्या वर्षांत ८०,००० रुपये ठेवण्यांत आलें. घरचें कर्ज न वाढवितां डॉक्टर ही पदवी मिळविण्याचा मार्ग आपल्याच देशांत आहे, हें पालकांनीं विसरूं नये.

यांखेरीज कांहीं शिष्यवृत्त्या प्रवासी विद्यार्थ्यांसाठीं आहेत. जमशेटजी टाटा यांनीं इ. स. १८९२ मध्यें परदेशीं उच्च शिक्षणास जाणाऱ्यांसाठीं निधि स्थापन केला. तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा आहे. एकानें फेडलेला पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. आपल्या कोल्हापुरांत जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीच्या साहाय्यानें. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं महाराष्ट्र सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची परदेश-शिष्यवृत्ति आहे, आणि केंद्र सरकारचीही परदेश-शिष्यवृत्ति आहे. उत्पन्नाची मर्यादा, वयाची मर्यादा आणि विद्यापीठाचा दर्जा यांविषयींचे नियम वेळोवेळीं बदलतात. म्हणून त्या त्या वर्षाची सरकारी जाहिरात वाचल्यावांचून अर्ज करूं नये.

प्रत्येक साहाय्यामागें अट असते, याचें एक थोर उदाहरण सर्वांना ठाऊक असावें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इ. स. १९१३ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. ती महिन्यास साडेअकरा पौंड, तीन वर्षांची होती. आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांस लिहून द्यावा लागला होता. त्यांचा विषय इंजिनियरिंगचा नव्हता, परंतु गोष्ट तीच. त्या मदतीवांचून तें शिक्षण झालें नसतें, आणि त्या मदतीबरोबर बंधनही आलें. मदत घेण्यांत लाज नाहीं. मात्र बंधन समजून घेऊन सही करावी.

शेवटीं विद्यार्थ्यांस दोन शब्द. हीं पदें मिळण्यास अद्याप पुष्कळ वर्षें अवकाश आहे, असें तुम्हांस वाटेल. परंतु त्यांची तयारी आजच्या वर्गांतच होते. अध्यापन-साहाय्यक होणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचें बोललेलें इंग्रजी तपासून पाहण्याची पद्धत अमेरिकेंत सर्रास आहे, म्हणून वर्गांत उभें राहून दोन वाक्यें स्पष्ट बोलण्याचा संकोच आजच सोडा. प्राध्यापक साहाय्यक निवडतो तेव्हां केवळ गुणपत्रिका पाहत नाहीं. या मुलाला हातानें कांहीं करतां येतें काय, हेंही पाहतो. बिघडलेला पंखा उघडून पाहिलेला, प्रयोगाची वही खरेपणानें लिहिलेला, आकडा जुळला नाहीं तर तो न बदलतां कारण शोधलेला विद्यार्थी त्याला हवा असतो. पुढें त्याला पत्र लिहिण्याची वेळ आली, तर शंभर जणांस एकच मजकूर पाठवूं नका. ज्याचें संशोधन वाचलें असेल त्यालाच लिहा, थोडक्यांत लिहा, आणि आपण स्वतः काय केलें तें सांगा.

पालकांस आमची विनंति इतकीच. मुलाप्रमाणें मुलीच्याही बाबतींत हा हिशेब त्याच कागदावर मांडा. साहाय्यकपद देणारा विभाग मुलगा कीं मुलगी हें पाहून वेतन ठरवीत नाहीं. गरिबीच्या भीतीनें देवानें दिलेली बुद्धि वायां घालवूं नका, आणि मोठेपणाच्या मोहानें डोक्यावरचें छप्परही गमावूं नका. कोणती पदवी, किती वर्षें, कोणतें काम, किती वेतन, आणि न मिळाल्यास दुसरा मार्ग कोणता, या पांच गोष्टी लिहून काढा. कागद भरला नाहीं तर तो घेऊन शाळेंत या. आमच्यांतील कोणी ना कोणी तुमच्याबरोबर बसून तो पुरा करील.